ओठांच्या सौंदर्यशस्त्रक्रियेनंतर उरलेला व्रण आणि मनासारखा न आलेला आकार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जाड ओठ कमी करून घेणे, नाक आणि वरचा ओठ यांमधले अंतर घटवण्यासाठी लिप लिफ्ट करून घेणे, ओठांत चरबी, इम्प्लांट (आत बसवायची कृत्रिम भर) किंवा फिलर (सुईने टोचून भरायचा पदार्थ) भरून घेणे, अशा प्रक्रिया आता मोठ्या महानगरांपुरत्या राहिलेल्या नाहीत. त्या करून घेण्यापूर्वीची माहिती सहज मिळते. निकाल मनासारखा न आल्यास पुढे काय करावे, हे सांगणारे मात्र फारसे कोणी भेटत नाही, आणि नेमक्या त्याच वेळी माणूस एकटा पडतो. अशा तक्रारींत दोन जाती असतात. काही तक्रारी वेळ दिल्याने बऱ्या होतात आणि घाईने बिघडतात. काही मात्र वाट पाहिल्याने बिघडतात आणि त्यांच्यासाठी तास मोजावे लागतात. या दोन्हींतला फरक ओळखता यावा, यासाठी पुढील उत्तरे लिहिली आहेत. ती तपासणीची जागा घेऊ शकत नाहीत.

शस्त्रक्रियेला तीन आठवडे झाले आहेत. ओठ सुजलेले आणि एका बाजूला वाकडे दिसतात. शस्त्रक्रिया बिघडली आहे का?

तीन आठवड्यांनी याचे उत्तर कोणीही प्रामाणिकपणे देऊ शकत नाही, शस्त्रक्रिया करणारे डॉक्टरसुद्धा नाही. ओठाची ऊती सैल असते, तिच्यात रक्तपुरवठा भरपूर असतो आणि बोलणे, खाणे, हसणे यांमुळे तिला विश्रांती अशी मिळतच नाही. त्यामुळे ओठावरची सूज शरीरावरील इतर जखमांच्या मानाने अधिक दिसते. पहिल्या दोन-तीन दिवसांत ती सर्वाधिक असते, पहिल्या दोन-तीन आठवड्यांत बरीचशी उतरते, आणि हाताला जाणवणारा कडकपणा मात्र कित्येकांमध्ये तीन ते सहा महिने रेंगाळतो. दोन्ही बाजूंची सूज एकाच वेगाने उतरत नाही, म्हणून या काळातला वाकडेपणा कायमचाच असेल असे मुळीच नाही.

येथे एक सूचना आवर्जून करावीशी वाटते. शस्त्रक्रियेपूर्वीचे स्वतःचे छायाचित्र काढून नीट पाहावे. बहुतेक सर्वांची जिवणी मुळातच थोडी असमान असते; आपण आधी तिकडे इतक्या बारकाईने पाहिलेले नसते. मोबाइल चेहऱ्याच्या अगदी जवळ धरून काढलेल्या छायाचित्रात चेहऱ्याच्या मध्यभागाचे प्रमाण बिघडते, म्हणून प्रगती पाहण्यासाठी तशी छायाचित्रे उपयोगाची नाहीत. महिन्यातून एकदा, एकाच खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात, दुसऱ्या कोणाकडून तीन-चार फुटांवरून छायाचित्र काढून घ्यावे : एक तोंड मिटून, एक हसताना आणि एकेक दोन्ही बाजूंनी. पुढे दुसरे मत घेताना हीच छायाचित्रे सर्वांत मोलाची ठरतात.

टाके काढले तेव्हा रेघ बारीक होती. दीड-दोन महिन्यांनी ती लाल, टणक आणि उंच झाली. उलटे का होत आहे?

व्रण तसाच भरतो. टाके काढताना जखम फक्त वरून जुळलेली असते. आत कोलॅजन (त्वचेला बळकटी देणारे प्रथिन) तयार होण्याचे काम त्यानंतर जोर धरते. म्हणून साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात व्रण सर्वांत वाईट दिसतो, आणि बहुतेक लोक नेमके याच वेळी हताश होऊन दुसऱ्या शस्त्रक्रियेची चौकशी सुरू करतात. त्यानंतर शरीर तेच कोलॅजन पुन्हा रचू लागते, लाली ओसरते, उंची कमी होते. व्रण पूर्ण परिपक्व होण्यास १२ ते १८ महिने लागतात. पूर्ण भरल्यानंतरही व्रणाची ताकद मूळ त्वचेच्या सुमारे ८० टक्क्यांपर्यंतच पोहोचते आणि व्रण संपूर्ण नाहीसा कधीच होत नाही. तो नजरेत न भरण्याइतका फिका आणि सपाट व्हावा, एवढीच अपेक्षा धरणे रास्त आहे.

छेद कोठे घेतला यावरही बरेच अवलंबून असते. ओठ कमी करण्याच्या शस्त्रक्रियेत छेद बहुधा ओठाच्या आतल्या ओलसर भागात असतो आणि तेथील श्लेष्मल त्वचा सुरेख भरून येते. लिप लिफ्टचा छेद नाकपुड्यांच्या खाली, उघड्या त्वचेवर असतो; तेथे ताण अधिक आणि लपवायला जागा कमी. सर्वांत अवघड जागा म्हणजे ओठाच्या रंगाची कड. त्या कडेवर एक सूक्ष्म उंचवटा असतो, आणि शिवताना तो एका मिलिमीटरने जरी चुकला तरी समोर बसून बोलणाऱ्याला पायरीसारखा दिसतो. असा पायरीचा दोष मलमाने किंवा वेळेने जात नाही. त्याला योग्य वेळी केलेली छोटी दुरुस्तीच लागते.

कोणत्या लक्षणांसाठी एक दिवसही थांबू नये?

फिलरच्या इंजेक्शननंतर ओठाचा किंवा आसपासच्या त्वचेचा भाग अचानक पांढरा पडणे, सुईच्या मानाने फार अधिक वेदना होणे, त्वचेवर निळसर-जांभळी जाळी उमटणे, दाबल्यावर रंग परत येण्यास वेळ लागणे, ही रक्तवाहिनी बंद झाल्याची लक्षणे आहेत. अशा वेळी “उद्या बघू” हा सल्ला कोणी दिला तरी मानू नये. हायल्युरॉनिक ॲसिडचा फिलर असेल तर तो विरघळवणारे हायल्युरॉनिडेज हे इंजेक्शन तातडीने द्यावे लागते; उशीर झाला तर त्वचा मरते आणि कायमचा व्रण राहतो. त्यासोबत अंधुक दिसू लागल्यास किंवा डोळ्यात वेदना झाल्यास थेट मोठ्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठावा.

शस्त्रक्रियेनंतर वाढत जाणारी एकाच बाजूची ताठर सूज, दाबूनही न थांबणारा रक्तस्राव, ताप, पू, टाके उसवून जखम उघडणे, गिळताना किंवा श्वास घेताना होणारा त्रास, यांपैकी काहीही असल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. ओठावर पुंजक्याने बारीक पाण्याचे फोड उठून जळजळ होत असेल तर ती बहुधा हर्पिसची उचल असते. हा विषाणू बहुसंख्य लोकांच्या शरीरात सुप्त असतो आणि शस्त्रक्रिया, लेसर किंवा सुईच्या आघाताने जागा होतो. विषाणूविरोधी गोळ्या लवकर सुरू केल्यास व्रण टळू शकतो. पूर्वी ओठावर असे ‘जर’ उठत असत, ही गोष्ट कोणत्याही पुढील प्रक्रियेआधी डॉक्टरांना सांगावी.

ओठाच्या आत वाटाण्याएवढी गाठ लागते. ती काय असेल?

शक्यता अनेक आहेत. पहिल्या तीन महिन्यांत आत लागणारी टणक दोरी किंवा गाठ ही बहुधा व्रणाचीच असते आणि मालिशने मऊ होते. न विरघळलेल्या टाक्याभोवती छोटी पिकलेली पुटकुळी होऊ शकते. ओठाच्या आतल्या बाजूला लाळेच्या असंख्य बारीक ग्रंथी असतात. त्यांतील एखादीची वाट बंद झाली तर निळसर, मऊ, कधी लहान तर कधी मोठी होणारी पाण्याची गाठ तयार होते, तिला म्यूकोसील म्हणतात आणि ती छोट्या शस्त्रक्रियेने निघते. फिलरनंतर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी उठलेल्या गाठी वेगळ्या; त्या नुसत्या साचलेल्या फिलरच्या असू शकतात, जंतुसंसर्गाच्या असू शकतात किंवा शरीराने परक्या पदार्थाभोवती घातलेल्या वेढ्याच्या असू शकतात, आणि तिन्हींचे उपचार भिन्न आहेत. गाठ सुईने फोडणे किंवा दातांनी चावणे कटाक्षाने टाळावे.

जाड झालेला व्रण आणि कीलॉइड एकच का?

नाही, आणि हा फरक उपचारांच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. जाड झालेला, म्हणजे हायपरट्रॉफिक व्रण मूळ जखमेच्या सीमेतच राहतो, पहिल्या एक-दोन महिन्यांत उठतो, काही महिने वाढतो आणि पुढे बहुधा आपोआप बसू लागतो. कीलॉइड मूळ जखमेची हद्द ओलांडून निरोगी त्वचेवर पसरतो, कधी काही महिन्यांनी सुरू होतो, खाजतो, दुखतो आणि स्वतःहून सहसा बसत नाही. ओठाच्या आतल्या श्लेष्मल त्वचेवर कीलॉइड क्वचितच होतो; वरच्या ओठाच्या त्वचेवर, नाकाखाली किंवा हनुवटीकडे तो होऊ शकतो.

सावळ्या त्वचेत आणि तरुण वयात कीलॉइडचे प्रमाण अधिक असते. कान किंवा नाक टोचल्यानंतर त्या जागी वाढत गेलेली गाठ आली होती का, लसीच्या खुणेवर किंवा छातीवरच्या मुरुमांच्या जागी असे काही झाले होते का, आई-वडील किंवा भावंडांत कोणाला आहे का, हे आठवून सांगावे. शस्त्रक्रियेआधी हा प्रश्न कोणी विचारला नसेल तर आता तरी स्वतःहून सांगावा, कारण कीलॉइड नुसता कापून काढल्यास तो परत येण्याचे प्रमाण वेगवेगळ्या अभ्यासांत ४५ टक्क्यांपासून जवळजवळ १०० टक्क्यांपर्यंत आढळले आहे. “कापून टाकू, संपले” असे कोणी म्हणत असेल तर तेथून उठावे.

घरी काय करता येईल?

जखम पूर्ण बंद झाल्यावर, म्हणजे खपली पडून ओलावा थांबल्यावर, सिलिकॉनची जेल लावणे हा घरी करता येणारा सर्वांत विश्वासार्ह उपाय आहे. सिलिकॉनची पट्टीही मिळते, परंतु ओठाजवळ ती बोलताना सुटते, म्हणून येथे जेल अधिक सोयीची. ती दिवसातून दोनदा पातळ थरात लावून किमान दोन-तीन महिने चालू ठेवावी लागते. आठवडाभर लावून “काही फरक नाही” म्हणून सोडून देण्यात अर्थ नाही. ती त्वचेवरच्या व्रणासाठी आहे, तोंडाच्या आत लावू नये.

मालिश डॉक्टरांच्या परवानगीने सुरू करावी, साधारण तिसऱ्या आठवड्यानंतर. स्वच्छ बोटाने व्रणावर दाब देऊन गोल आणि आडवे-उभे फिरवावे, दिवसातून तीन-चार वेळा, दर वेळी काही मिनिटे. ओठाच्या आतल्या व्रणासाठी अंगठा आत आणि तर्जनी बाहेर अशी चिमूट धरता येते. दुखेल इतके दाबायचे नाही.

जखम ओली असेपर्यंत फार तिखट, आंबट आणि वाफाळते पदार्थ टाळावेत, मोठा घास घेऊन तोंड ताणू नये, आणि खाल्ल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी. तंबाखूबाबत मात्र सवलत नाही. सिगारेट, गुटखा, मावा आणि दात घासण्याची मिश्रीसुद्धा यात आली, कारण निकोटिनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात, जखमेला रक्त कमी मिळते आणि टाक्यांची कड मरू शकते. मिश्रीला अनेक घरांत व्यसन मानत नाहीत आणि म्हणून ती डॉक्टरांना सांगितली जात नाही. ती जरूर सांगावी.

लिंबू, खाण्याचा सोडा, टूथपेस्ट, लसूण असे पदार्थ नव्या व्रणावर लावू नयेत. त्यांनी त्वचा भाजते, आणि भाजलेली जागा आपल्या त्वचेत काळी पडते.

व्रण सपाट आहे, पण भोवतालची त्वचा काळवंडली आहे. हे जाईल का?

बहुतेक वेळा जाते, मात्र महिने लागतात. सावळ्या त्वचेत कोणत्याही दाहानंतर रंगद्रव्य अधिक तयार होते आणि ऊन त्यात भर घालते. म्हणून किमान एसपीएफ ३० चे सनस्क्रीन वर्षभर, पावसाळ्यातही, आणि ओठाच्या लाल भागासाठी सनस्क्रीनयुक्त लिप बाम, ही पहिली औषधे समजावीत. ओठ चाटण्याची सवय, सुगंधी लिपस्टिकची ॲलर्जी आणि व्रण पुन्हा पुन्हा चोळणे यांनीही काळेपणा टिकतो.

औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळणारी “गोरेपणाची” मिश्र मलमे वापरू नयेत, हे येथे ठामपणे सांगायला हवे. त्यांपैकी अनेकांत तीव्र स्टेरॉइड असते. सुरुवातीला डाग उजळल्यासारखा वाटतो, नंतर त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, ओठावर लव वाढते आणि मलम थांबवताच चेहरा पेटतो. भारतातील त्वचारोगतज्ज्ञ वर्षानुवर्षे या दुष्परिणामांविरुद्ध इशारे देत आहेत. डाग घालवणारी मलमे उपयोगी असतात, पण ती त्वचारोगतज्ज्ञांनी ठरवलेल्या मुदतीपुरतीच.

व्रणात दिली जाणारी इंजेक्शने आणि लेसर यांचा कितपत उपयोग होतो?

जाड व्रण आणि कीलॉइड यांसाठी ट्रायअमसिनोलोन हे स्टेरॉइड थेट व्रणात टोचले जाते. प्रमाण साधारणपणे दर मिलिलिटरला १० ते ४० मिलिग्रॅम, आणि दोन इंजेक्शनांत चार ते सहा आठवड्यांचे अंतर. चेहऱ्यावर कमी तीव्रतेपासून सुरुवात करणे शहाणपणाचे, कारण औषध अधिक झाले किंवा बाजूला पसरले तर त्वचा खोलगट आणि पांढुरकी होते. काही वेळा त्यासोबत फाइव्ह-फ्लुरोयुरॅसिल हे पेशींची वाढ रोखणारे औषध वापरतात. खाज आणि दुखणे लवकर कमी होते, उंची त्यानंतर उतरते.

लालीसाठी पल्स्ड डाय लेसर आणि खडबडीतपणासाठी फ्रॅक्शनल कार्बन डायऑक्साइड लेसर वापरतात. लेसरने व्रण “पुसला” जात नाही, तो मिसळतो. सावळ्या त्वचेत लेसरची मात्रा चुकल्यास नवा काळा डाग उरतो, म्हणून आपल्यासारख्या रंगाच्या त्वचेवर त्या डॉक्टरांनी किती काम केले आहे हे विचारण्यात संकोच बाळगू नये. ओठावर पूर्वी रंगाचा टॅटू केला असेल तर तो अवश्य सांगावा. त्यातील लोह किंवा टायटेनियमची संयुगे काही लेसरने क्षणात काळी पडतात.

व्रणाची तक्रार नाही. आकारच आवडलेला नाही. तो सुधारता येतो का?

हे सर्वस्वी कोणती प्रक्रिया झाली आहे यावर ठरते. भर घातली असेल तर काढता येते. कापून टाकलेले मात्र परत आणता येत नाही.

हायल्युरॉनिक ॲसिडचा फिलर त्यामुळे सर्वांत सोपा. तो काही महिन्यांनंतरही हायल्युरॉनिडेजने विरघळवता येतो; मधमाशीच्या दंशाची तीव्र ॲलर्जी असेल तर ते इंजेक्शन घेण्याआधी सांगावे. भरलेला पदार्थ नेमका कोणता होता हे मात्र ठाऊक असायला हवे. बाटलीवरील किंवा सिरिंजवरील चिकटपट्टी रुग्णाच्या कागदांवर लावलेली असावी. नसेल तर मागून घ्यावी. द्रवरूप सिलिकॉन किंवा तत्सम कायमचा पदार्थ भरला असेल तर तो विरघळत नाही, ऊतींत पसरतो आणि वर्षांनंतरही गाठी उठवू शकतो. तो काढताना बरोबर निरोगी ओठही जातो, म्हणून अशा रुग्णांसाठी पुष्कळदा गाठी औषधांनी दाबून ठेवणे हाच समजूतदार मार्ग असतो.

इम्प्लांट हाताला लागणे, हसताना कड दिसणे, एका बाजूला सरकणे, भोवती कवच आवळणे या तक्रारींत इम्प्लांट काढता येते. काढल्यावर ओठ काही काळ सुरकुतलेला आणि पोकळ दिसतो. तो स्थिर झाल्यावरच पुढचे ठरवावे. चरबी भरली असेल तर तिचा काही भाग शरीर शोषून घेते आणि किती टिकेल हे व्यक्तीगणिक बदलते, म्हणून कमी भर दिसली तरी सहा महिन्यांपूर्वी दुसरा हप्ता घेण्याची घाई करू नये.

ओठ कमी करताना अधिक कापले गेले तर ओठ पातळ, आत वळलेला दिसतो, आणि गंभीर प्रसंगी तोंड सहज मिटत नाही. त्यासाठी चरबीचे रोपण, त्वचेच्या आतल्या थरासह चरबीचा तुकडा बसवणे किंवा आतली श्लेष्मल त्वचा इंग्रजी व्ही छेदाने पुढे आणून वाय आकारात शिवणे असे मार्ग आहेत. मूळ रूप हुबेहूब परत येईल असे आश्वासन मात्र कोणी देऊ नये. छेद फार पुढे घेतला गेला असेल तर आतला ओलसर भाग बाहेर येऊन उघडा राहतो, सतत कोरडा पडतो आणि सोलतो. ही तक्रार नटण्यामुरडण्याची नाही, रोजच्या त्रासाची आहे, आणि ती तशीच नोंदवावी.

लिप लिफ्टची दुरुस्ती सर्वांत कठीण. काढलेली त्वचा नाकाखालची होती आणि तशी दुसरी त्वचा शरीरात कोठेही नाही. ओठ अति वर गेल्यास विश्रांतीतही दात उघडे राहतात, नाकपुड्यांचा तळ खाली ओढला जातो. ताण वेळेनुसार थोडा सैल होतो, मालिशने मदत होते, नाकाची ओढ काही प्रमाणात सुधारता येते, आणि म्हणूनच येथे वर्षभर थांबण्याचा आग्रह आहे.

ओठ बधिर आहे, पाणी पिताना गळते. संवेदना परत येईल का?

वरच्या ओठाची संवेदना डोळ्याखालून येणाऱ्या आणि खालच्या ओठाची हनुवटीतून येणाऱ्या मज्जातंतूमुळे असते. सौंदर्यशस्त्रक्रियेत बहुधा या तंतूंच्या बारीक फांद्याच दुखावतात, त्यामुळे आठवड्यांत ते काही महिन्यांत संवेदना परत येते. मुंग्या येणे आणि अधूनमधून चमक मारणे हे परतीचेच लक्षण असते. बधिर असताना गरम चहाने ओठ भाजू शकतो आणि जेवताना चावला जाऊ शकतो, म्हणून सांभाळावे. सूज उतरल्यावरही तोंड मिटत नसेल, शीळ वाजत नसेल किंवा “प”, “ब”, “म” हे वर्ण नीट उच्चारता येत नसतील तर ओठाभोवतीच्या गोल स्नायूची तपासणी करून घ्यावी.

दुसरी शस्त्रक्रिया केव्हा करावी?

तातडीचे कारण नसेल तर व्रण मऊ आणि फिका झाल्यानंतर, म्हणजे बहुधा एक वर्षानंतर. लाल, टणक व्रणावर पुन्हा छेद घेणे म्हणजे अर्धवट भाजलेली वीट भिंतीत बसवणे होय. अपवाद आहेत : जंतुसंसर्ग, बाहेर येऊ पाहणारे इम्प्लांट, तोंड मिटण्यातली गंभीर अडचण. कडेची पायरी किंवा त्वचेच्या नैसर्गिक ताणरेषांना आडवा गेलेला व्रण नागमोडी छेदाने पुन्हा शिवता येतो, परंतु प्रत्येक शस्त्रक्रियेगणिक निरोगी ऊतीची शिल्लक कमी होते. तीन डॉक्टरांनी “थांबा” म्हटले आणि चौथे “उद्याच करू” म्हणाले, तर चौथ्यांचा उत्साह ही काळजीची बाब समजावी.

त्याच डॉक्टरांकडे जावे की दुसरीकडे?

पहिल्यांदा त्याच डॉक्टरांकडे जावे, कारण आत काय केले हे त्यांनाच ठाऊक असते आणि पुष्कळ डॉक्टर छोटी दुरुस्ती जबाबदारीने करून देतात. तक्रार थोडक्यात आणि नेमकी लिहून न्यावी : “वाईट दिसते” यापेक्षा “उजव्या कोपऱ्याजवळची कड डावीपेक्षा वर आहे” असे. ते ऐकून घेत नसतील, भेट टाळत असतील किंवा त्यांच्यावरचा विश्वास उडाला असेल तर दुसरे मत घेणे हा रुग्णाचा हक्क आहे.

दुसऱ्या मतासाठी प्लास्टिक सर्जरीतील एमसीएच किंवा डीएनबी ही पदवी पाहावी; व्रणाच्या रंगासाठी आणि इंजेक्शनांसाठी त्वचारोगतज्ज्ञ योग्य. नाव महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या किंवा गोव्यात असल्यास तेथील परिषदेच्या नोंदवहीत तपासता येते. खर्च परवडत नसेल तर मुंबईतील केईएम, शीव, नायर आणि जे. जे., पुण्यातील ससून, नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय येथील प्लास्टिक सर्जरीच्या ओपीडीत दाखवता येते. गर्दी असते, थांबावे लागते. पण तेथे डॉक्टरांनी भाजलेले, अपघातात फाटलेले आणि जन्मतः दुभंगलेले ओठ पाहिलेले असतात, आणि आपल्याला पुढची शस्त्रक्रिया विकण्यात त्यांचा कोणताही लाभ नसतो. तेथे मिळणारे मत मला फार मोलाचे वाटते.

कागदपत्रे कशी मिळवावीत? तक्रार कोठे करता येते?

तत्कालीन भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार डॉक्टरांनी दाखल रुग्णांच्या नोंदी ३ वर्षे जपणे आणि मागणी केल्यापासून ७२ तासांत नोंदी देणे बंधनकारक आहे. मागणी लेखी करावी आणि पोच घ्यावी. शस्त्रक्रियेची टिपणे, संमतीपत्र, आधीची छायाचित्रे, वापरलेल्या वस्तूंचे तपशील आणि बिल, हे सर्व मागावे.

वाईट निकाल म्हणजे निष्काळजीपणा असे कायदा मानत नाही. योग्य काळजी घेऊनही कीलॉइड होऊ शकतो. धोके सांगितलेच नाहीत, संमतीपेक्षा वेगळी प्रक्रिया केली, पात्रता नसताना केली, गुंतागुंत झाल्यावर दुर्लक्ष केले, अशा बाबतींत तक्रारीला आधार मिळतो. एका प्रक्रियेची संमती दुसरीला लागू होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या समीरा कोहली प्रकरणात स्पष्ट केले आहे. पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालापासून ठरलेले आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून २ वर्षे आहे, आणि आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातही ती दाखल करता येते. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. व्यावसायिक वर्तनाची तक्रार वैद्यकीय परिषदेकडे, दंतवैद्यांच्या बाबतीत दंत परिषदेकडे करावी. व्रण परिपक्व होण्यासाठी वर्षभर थांबताना ही दोन वर्षांची मुदत डोळ्यांआड होऊ देऊ नये.

विम्यातून खर्च मिळतो का?

सहसा नाही. सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया आरोग्य विम्याच्या प्रमाणित अपवादांत येते. अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना वेगळी. तरीही जंतुसंसर्गासारख्या कारणाने दाखल व्हावे लागल्यास स्वतःच्या पॉलिसीचे कलम वाचून विचारणा करावी.

आरशासमोरून हलवत नाही, आणि घरचे म्हणतात, “हौस होती ना, आता भोग.” काय करावे?

हे बोलणे क्रूर आहे आणि त्याने कोणताही व्रण भरत नाही. स्वतःच्या चेहऱ्याबद्दल काही बदलावेसे वाटणे हा गुन्हा नव्हे, आणि निर्णय स्वतःचा होता म्हणून दुःख खोटे ठरत नाही. घरच्यांना न सांगता प्रक्रिया करून घेतलेल्यांची अवस्था अधिक कठीण होते, कारण ताप आला तरी कारण सांगता येत नाही. किमान एका माणसाला, बहीण असो वा मैत्रीण, सर्व काही सांगून ठेवावे आणि तपासणीला तिला बरोबर न्यावे. घाबरलेल्या मनाला डॉक्टरांचे निम्मे बोलणे ऐकू येत नाही.

दिवसातले तास आरसा पाहण्यात जात असतील, इतरांना न दिसणारा दोष प्रचंड वाटत असेल, कामावर जाणे बंद झाले असेल, तर पुढच्या शस्त्रक्रियेपूर्वी मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. अशा मनःस्थितीत केलेली दुरुस्ती, कितीही उत्तम झाली तरी, समाधान देत नाही. ती मनःस्थिती उपचारांनी बरी होते. जीव नकोसा वाटत असल्यास टेली-मानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र विनामूल्य उपलब्ध आहे आणि मराठीत बोलता येते.

लग्न तीन महिन्यांवर आले आहे. तोवर काय करता येईल?

लग्नाच्या तारखेसाठी नवी शस्त्रक्रिया, तीव्र लेसर किंवा पहिल्यांदाच फिलर, यांतले काहीही करू नये. सिलिकॉन जेल आणि सनस्क्रीन चालू ठेवावे. व्रण उंच असेल तर स्टेरॉइडच्या इंजेक्शनासाठी आताच त्वचारोगतज्ज्ञांना भेटावे, म्हणजे दोन फेऱ्यांना वेळ मिळेल. लाली झाकण्यासाठी हिरवट छटेचे आणि काळेपणा झाकण्यासाठी नारिंगी छटेचे कन्सीलर आधी लावून त्यावर त्वचेच्या रंगाचा थर द्यावा. ओठांच्या असमान कडेसाठी लिप लायनरने उंच बाजूच्या किंचित आतून आणि खालच्या बाजूच्या किंचित बाहेरून रेघ ओढली की फरक बराच मिटतो. चकचकीत लिपस्टिकपेक्षा मॅट बरी, कारण चमकेत उंचवटा उठून दिसतो. हे सर्व मेकअप करणाऱ्या ताईंकडून महिनाभर आधी एकदा करवून पाहावे, नवीन प्रसाधन कानामागे दोन दिवस लावून ॲलर्जी तपासावी, आणि आपल्याला कोणती बाजू अधिक आवडते ते छायाचित्रकाराला मोकळेपणाने सांगून ठेवावे.